बाटली महिनाभर पुरली पाहिजे

काचबिंदूवर रात्री घालायच्या लॅटानोप्रॉस्टच्या बाटलीत अडीच मिलिलिटर औषध असतं, म्हणजे साधारण ऐंशी थेंब. दोन्ही डोळ्यांत रोज एकेक थेंब घातला तर तीस दिवसांत साठ लागतात. एखादा गालावर ओघळला, एखादा पापणीवर पडला, तरी महिना निघतो. म्हणून घरात काचबिंदूचं माणूस असेल, तर औषध नीट चाललंय की नाही हे घरच्यांना बाटलीवरून कळू शकतं. बाटली पंधरा दिवसांत रिकामी झाली तर औषध डोळ्याबाहेर जातंय. तीच बाटली दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पुरली तर थेंब चुकताहेत. आणि ही दुसरी गोष्टच जास्त घडते.

ती घडते, कारण या औषधाचा गुण जाणवत नाही. तापाची गोळी घेतली की ताप उतरतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी समोरच्याचा चेहरा स्पष्ट दिसतो. काचबिंदूचा थेंब घातला की काय होतं? थोडी आग होते, डोळा लाल होतो, क्षणभर धूसर दिसतं. सहा महिने नेमाने घातला तरी नजर काही वाढत नाही. मग माणूस म्हणतो, ‘काही फरक नाही, कशाला घालायचं?’ आणि हे म्हणताना तो खोटं बोलत नसतो. फरक पडलेला त्याला दिसणारच नाही, कारण हे औषध गेलेली नजर परत आणत नाही, उरलेली राखतं.

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो, मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर. बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून तो झिरपून रक्तात जातो. येणं आणि जाणं सारखं राहिलं की डोळ्यातला दाब स्थिर राहतो. बहुतेक निरोगी डोळ्यांत तो १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असतो. जाणं मंदावलं की दाब वाढतो आणि त्याचा भार डोळ्याच्या मागे, मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर पडतो. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. ते एकेक करून मरतात आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. हाच काचबिंदू. दाब २१ च्या आत असूनही नस झिजते असेही रुग्ण असतात. त्यामुळे एकदा दाब मोजून ‘नॉर्मल’ ऐकलं की विषय संपला असं होत नाही. नस पाहावी लागते, नजरेचं क्षेत्र मोजावं लागतं.

नुकसान बहुधा बाजूच्या नजरेपासून सुरू होतं. समोरचं झाड, हातातलं कापसाचं बोंड, ताटातली भाकरी शेवटपर्यंत नीट दिसते. डाव्या अंगाने आलेली मोटरसायकल दिसत नाही, उंबऱ्याला पाय अडखळतो, उजव्या बाजूला ठेवलेला तांब्या लवंडतो. घरचे म्हणतात, म्हातारपण. त्यात एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, म्हणून माणसाला स्वतःलाही पत्ता लागत नाही.

तेलंगणातल्या आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचा या आजाराच्या अभ्यासाशी जुना संबंध आहे, आणि तो इथल्या लोकांनाही फारसा ठाऊक नाही. १९९६ ते २००० या काळात हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने तेव्हाच्या आंध्र प्रदेशात डोळ्यांची मोठी पाहणी केली. हैदराबाद शहर, पश्चिम गोदावरी, महबूबनगर आणि आदिलाबाद अशा चार ठिकाणी मिळून १०,२९३ माणसं तपासली गेली. आदिलाबादचा भाग होता मुधोळचा, जो २०१६ च्या जिल्हा-विभाजनानंतर निर्मल जिल्ह्यात गेला. या पाहणीच्या हैदराबादच्या भागात एक गोष्ट निघाली, ती आजही अंगावर येते. ज्यांना सर्वसाधारण प्रकारचा, म्हणजे हळूहळू वाढणारा काचबिंदू होता, त्यांतल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना तो आहे हे तपासणीपूर्वी माहीत नव्हतं. ही राजधानीच्या शहरातली गोष्ट. खेड्यात डोळ्याचे डॉक्टर किती अंतरावर असतात, हे सांगायला नको. पुढे २०१० मध्ये निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून मांडलेल्या अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा.

तेलंगण सरकारच्या ‘कंटि वेलुगु’ योजनेने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये गावोगाव डोळे तपासले, चष्मे वाटले. गावाच्या पंचायतीत बसून डोळे तपासून घेण्याची सवय त्यातून लागली, हे मोठं काम झालं. पण चष्मा एकदा मिळाला की मिळाला. काचबिंदूची बाटली दर महिन्याला नवी लागते, आणि आयुष्यभर लागते. शिबिर आणि रोजचा थेंब यांच्यामधलं अंतर घरच्यांनाच चालावं लागतं.

जैनथसारख्या मंडलाच्या गावी हे अंतर कसं असतं ते पाहू. आदिलाबाद वीसेक किलोमीटरवर, तिथे रिम्सचं सरकारी रुग्णालय. पलीकडे पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. कुणाची लेक यवतमाळ जिल्ह्यात दिलेली, कुणाचं सासर चंद्रपूरकडे. तपासणी एका राज्यात, औषध दुसऱ्या राज्यातलं, असं सहज घडतं. घरात मराठी बोलतात, दवाखान्यात तेलुगू, चिठ्ठी इंग्रजीत. आजी म्हणते, ‘डागदरनं दोन बाटल्या देल्या, एक निळी, एक पांढरी.’ पुढच्या महिन्यात मेडिकलवाल्याकडे दुसऱ्या कंपनीची बाटली येते, तिचं झाकण पिवळं असतं, आणि तिथेच घोळ होतो. झाकणाच्या रंगाचे काही संकेत औषधवर्गांनुसार ठरलेले आहेत, पण सगळ्या कंपन्या ते पाळतीलच असं नाही. म्हणून रंगावर विसंबू नये. औषधाचं मूळ नाव, म्हणजे लॅटानोप्रॉस्ट, टिमोलॉल, ब्रिमोनिडिन, डॉर्झोलामाइड यांपैकी जे असेल ते, नातवाकडून मराठीत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तो कागद खोक्याला चिकटवावा. त्याखाली ‘दोन्ही डोळे, रात्री एकदा’ असं जे असेल ते. आणि बाटली ज्या दिवशी उघडली ती तारीख.

चिठ्ठीतला एक धोका मुद्दाम सांगायला हवा. ‘ओडी’ ही दोन अक्षरं आपल्याकडचे डॉक्टर ‘दिवसातून एकदा’ या अर्थाने लिहितात. डोळ्यांच्या शास्त्रात तीच अक्षरं ‘उजवा डोळा’ या अर्थानेही लिहिली जातात. दोन्ही डोळ्यांना रोज एकदा सांगितलेलं औषध कुणी उजव्यातच घालत राहिला, तर डावा डोळा विनाऔषध राहतो. खोलीतून बाहेर पडण्याआधी बोट दाखवून विचारावं: या डोळ्यात का दोन्हीत, किती वेळा, कुठवर? डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना असं विचारण्यात संकोच वाटायचं काही कारण नाही.

आता थेंब घालण्याची रीत. ही गोष्ट दवाखान्यात घाईत सांगितली जाते, पुष्कळदा सांगितलीही जात नाही, आणि सगळं औषध हिच्यावरच अवलंबून असतं.

हात साबणाने धुवावेत, विशेषतः शेतातून आल्यावर. फवारणीच्या दिवसांत तर दोनदा. बाटली उचलल्यावर नाव वाचावं. कानात घालायचे थेंब, झटपट चिकटवणारा गोंद, यांच्याही बाटल्या अशाच लहान असतात आणि त्या डोळ्यात गेल्याचे प्रकार घडतात. डोळ्याचं औषध या सगळ्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवावं. ब्रिंझोलामाइडसारखं गढूळ, दुधाळ औषध असेल तर बाटली हलवून घ्यावी, नाहीतर औषध तळाशी आणि नुसतं पाणी डोळ्यात.

मग खाटेवर उताणं पडावं, किंवा खुर्चीत बसून मान मागे टाकावी. म्हाताऱ्या माणसाला आडवं पडणंच बरं. एका हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढली की पापणी आणि डोळा यांच्यामध्ये एक खिसा तयार होतो. थेंब त्या खिशात टाकायचा, बुबुळावर नाही. बुबुळावर पडला की डोळा दचकतो आणि अर्धं औषध बाहेर येतं. बाटलीचं टोक डोळ्यापासून बोटभर वर धरायचं आणि कशालाही लावायचं नाही: पापणीला नाही, बोटाला नाही, पदराला तर नाहीच. टोक डोळ्याला लागलं की डोळ्यातले जंतू बाटलीत जातात, तिथे वाढतात आणि पुढच्या थेंबासोबत परत डोळ्यात येतात. याच कारणाने एक बाटली एकाच माणसाची. नवरा-बायको दोघांना काचबिंदू असला, औषधही तेच असलं, तरी बाटल्या दोन.

थेंब एकच. हे लोकांना पटवणं फार अवघड जातं. बाटलीतून पडणारा थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो; डोळ्याच्या खिशात जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतं. म्हणजे पहिलाच थेंब पुरून उरतो. दुसरा गालावरून उशीवर जातो, किंवा नाकात उतरतो, आणि महिन्याची बाटली वीसेक दिवसांत संपते. पहिला थेंब खरोखरच बाहेर पडला असेल तेव्हाच दुसरा.

हात थरथरतो, नजर कमी, बोटांना संधिवात, अशा माणसांसाठी काही सोपे उपाय आहेत. बाटली धरलेला हात कपाळावर टेकवला की थरथर कमी होते. डोळा उघडा ठेवून थेंब झेलायला भीती वाटत असेल तर उताणं पडून डोळा मिटावा, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाकावा आणि मग डोळा उघडावा; थेंब आत ओघळतो. तो पडला की नाही हे कळत नसेल तर बाटली काही वेळ गारव्यात ठेवून घालावी, गार थेंब डोळ्याला लगेच कळतो. आणि घरातलं दुसरं माणूस असेल तर सरळ त्याच्याकडूनच घालून घ्यावं. सुनेने सासूच्या डोळ्यात थेंब घालायचा, तर तिला ही रीत एकदा दवाखान्यात दाखवून घेतली पाहिजे. डॉक्टरांसमोर एकदा थेंब घालून दाखवायला सांगितलं तर चुका तिथेच दिसतात.

थेंब पडल्यावर डोळा शांतपणे मिटायचा. घट्ट आवळायचा नाही, भराभर पापण्या मिटायच्या-उघडायच्या नाहीत. आणि नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, बोटाने हलकं दाबून दोन-तीन मिनिटं थांबायचं. ही दोन-तीन मिनिटं बहुतेक जण सोडून देतात, आणि औषध सुरक्षित राहण्याचा निम्मा भाग तिथे आहे. त्या कोपऱ्यात अश्रूंची बारीक नळी असते, ती नाकात उघडते. म्हणूनच रडलं की नाक वाहतं, आणि म्हणूनच काही थेंबांनंतर घशात कडू लागतं. नाकातलं औषध थेट रक्तात शिरतं. पोटातून गेलेली गोळी आधी यकृतातून जाते, तिथे तिचा जोर कमी होतो. नाकातून गेलेल्या औषधाला हा अडसर नाही. बोट दाबल्याने नळी बंद होते, औषध डोळ्यात थांबतं. १९८० च्या दशकात केलेल्या मोजणीत पाच मिनिटं असं दाबल्याने रक्तात उतरणारं औषध निम्म्याहून अधिक कमी झालेलं आढळलं.

दोन निरनिराळी औषधं असतील तर त्यांच्यात किमान पाच मिनिटांचं अंतर हवं, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी.

रक्तात उतरण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण ‘डोळ्याचा तर थेंब, त्याने काय होतंय?’ हा समज जीवावर बेतू शकतो. टिमोलॉल हे जुनं, स्वस्त आणि चांगलं औषध आहे. अमेरिकेत त्याला १९७८ मध्ये मान्यता मिळाली आणि जगभर लाखो लोकांची नजर त्याने राखली. पण ते बीटा-ब्लॉकर जातीचं आहे, रक्तदाबाच्या काही गोळ्या ज्या जातीच्या असतात त्याच. दमा असलेल्या माणसाची श्वासनळी त्याने आवळू शकते आणि हृदयाचे ठोके मंद होऊ शकतात. आपल्या भागात चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाया आणि विडी ओढणारे म्हातारे यांच्यात दम लागण्याचा आजार किती आहे, आणि त्याला ‘दमा’ असं नावही न देता तो किती वर्षं अंगावर काढला जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांनी ‘दमा आहे का?’ विचारलं तर ‘नाही’ असं उत्तर येतं, कारण कुणी निदान केलेलंच नसतं. म्हणून सांगायचं ते असं: जिना चढताना धाप लागते, थंडीत छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, पंप वापरतो, नाडी मंद असते, चक्कर येते, हृदयाची वा बीपीची गोळी चालू आहे, शुगरची गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे. शुगर एकदम खाली गेली की छाती धडधडते, आणि त्यावरून माणूस सावध होतो; ही धडधड टिमोलॉल झाकून टाकू शकतं. आणि उलट बाजूनेही: छातीच्या किंवा साखरेच्या डॉक्टरांकडे गेल्यावर ‘कोणती औषधं घेता?’ याच्या उत्तरात डोळ्याच्या बाटलीचं नाव आलंच पाहिजे. थेंब सुरू केल्यापासून धाप वाढली असेल तर दुसऱ्या महिन्याच्या तपासणीची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बाकीच्या औषधांचे त्रास वेगळे. लॅटानोप्रॉस्टच्या वर्गातल्या औषधांनी डोळा लाल होतो, पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते. हे दिसायला वाईट, पण बहुधा घातक नाही. लाली काही आठवड्यांत कमी होते. ब्रिमोनिडिनने तोंड कोरडं पडतं, झोप येते, आणि काही महिन्यांनी ॲलर्जी होऊन डोळे चुरचुरून सुजू शकतात. हे औषध लहान मुलांसाठी फार धोक्याचं आहे: तान्ह्या बाळाच्या डोळ्यात किंवा पोटात गेलं तर बाळ गुंगीत जातं, श्वास मंदावतो. बाटली उशाशी किंवा खिडकीत ठेवू नये. डॉर्झोलामाइड सुरू करण्याआधी सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर सांगावं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने तर कोणताही थेंब सुरू करण्याआधी विचारलंच पाहिजे. पिलोकार्पिनने बाहुली लहान होते, त्यामुळे तिन्हीसांजेनंतर अंधुक दिसतं. यांपैकी कोणत्याही त्रासाने औषध मनानेच बंद करायचं नाही. बदलून देण्यासारखी औषधं पुष्कळ आहेत, पण बदल डॉक्टरांनीच करायचा.

थेंब चुकला तर काय? आठवेल तेव्हा घालावा. दुसऱ्या थेंबाची वेळ जवळ आली असेल तर राहू द्यावा. दुप्पट घालू नये. लॅटानोप्रॉस्टच्या बाबतीत तर दिवसातून एकदापेक्षा जास्त घातल्याने दाब कमी करण्याचा गुण उलट घटू शकतो. वेळ एखाद्या रोजच्या कामाला बांधून घ्यावी: रात्रीच्या जेवणानंतर, टीव्हीवरची मालिका संपल्यावर, देवापुढे दिवा लावल्यावर. कापूस वेचणीच्या दिवसांत माणसं पहाटे निघतात आणि अंधारात परततात, तेव्हा सकाळचा थेंब हमखास राहतो. अशा घरात डॉक्टरांना स्पष्ट सांगावं की सकाळी जमत नाही. रात्री एकदाच घालायचं औषध देता येण्यासारखं असेल तर ते देतील. जैनथला लक्ष्मीनारायणाच्या कार्तिकातल्या उत्सवात घर पाहुण्यांनी भरतं, तेव्हाही आणि लग्नासाठी नदीपलीकडे चार दिवस गेलं तेव्हाही, बाटली विसरली जाते. ती पिशवीत सगळ्यात आधी टाकावी. एकादशीला, सोमवारी, कडक उपास असला तरी थेंब घालायला हरकत नसते. रोज्यांच्या महिन्यात मनात शंका असेल तर औषध बंद ठेवण्याऐवजी वेळ सहरी आणि इफ्तारला जुळवून घेता येते का, ते डॉक्टरांना विचारावं.

उन्हाळा हा आमच्याकडचा खास प्रश्न. मे महिन्यात आदिलाबादकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. न उघडलेलं लॅटानोप्रॉस्ट साधारणपणे २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायचं असतं. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत सहा आठवडे चालतं, असं त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. पत्र्याच्या घरात मे महिन्यात २५ अंश कुठून आणायचे? फ्रिज असेल तर दारातल्या कप्प्यात ठेवावं, वरच्या बर्फाच्या खणात कधीच नाही. फ्रिज नसेल तर बाटली खोक्यासकट घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माठाशेजारी, ओल्या फडक्यात ठेवलेल्या मातीच्या भांड्यात ठेवावी. इन्शुलिनसाठीही लोक असंच करतात. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत बाटली ठेवू नये. फ्रिजबाहेर टिकणारं लॅटानोप्रॉस्टही काही कंपन्या बनवतात. खोक्यावर तसं छापलेलं असतं, डॉक्टरांना त्याबद्दल विचारता येईल. औषध घेतानाही पाहावं: मेडिकलवाल्याने ते फ्रिजमधून काढलं का कपाटातून? आणि चार महिन्यांच्या बाटल्या एकदम घेण्यापेक्षा दर महिन्याला एक घ्यावी. उघडल्यापासून महिन्याने, लेबलवर वेगळी मुदत नसेल तर, उरलेलं औषध टाकून द्यावं. पाच-दहा थेंब टाकताना जीव जळतो, पण जुन्या बाटलीतले जंतू फार महाग पडतात.

आणि आता त्या बाटल्यांबद्दल, ज्या चिठ्ठीशिवाय मिळतात. डोळा लाल झाला, खाज सुटली की मेडिकलमधून ‘लाल डोळ्याची’ बाटली आणण्याची सवय आपल्याकडे घट्ट आहे. त्यांतल्या पुष्कळ बाटल्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून माणूस पुन्हा तीच आणतो. स्टेरॉइडने साधारण तीनांतल्या एका माणसात डोळ्याचा दाब कमी-जास्त वाढतो. ज्याला आधीच काचबिंदू आहे त्याच्यात वाढण्याची शक्यता त्याहून कितीतरी जास्त. उन्हाळ्यात डोळे खाजणाऱ्या शाळकरी मुलांना महिनोन्‌महिने असे थेंब घालून काचबिंदू झाल्याची उदाहरणं भारतभरच्या नेत्ररुग्णालयांत येतात, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाची नजर अशी जाणं हे टाळता येण्यासारखं दुःख आहे. स्टेरॉइड वाईट नाही; मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तेच लागतं. पण ते किती दिवस घालायचं आणि दाब केव्हा मोजायचा, हे डॉक्टरांच्या हातात असावं. मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी, अंगावरचं दूध, यांनी डोळ्यातला दाब कमी होत नाही, जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो.

तपासणीच्या दिवशी पुष्कळ लोक थेंब न घालताच जातात, ‘तिथे घालतीलच’ म्हणून. घालूनच जावं, म्हणजे औषध काम करतंय का ते दाबावरून कळतं. थेंब चुकले असतील तर तेही सांगावं. नेमाने घालतो असं सांगितलं आणि दाब चढा निघाला, तर डॉक्टर समजतात औषध अपुरं पडतंय, आणि दुसरी बाटली वाढवतात. खर्च वाढतो, त्रास वाढतो, आणि मूळ कारण तसंच राहतं. औषध परवडत नसेल तर ते लपवू नये. जनऔषधी केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात हेच औषध मूळ नावाने स्वस्तात वा फुकट मिळू शकतं. टिमोलॉल आणि लॅटानोप्रॉस्ट दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

थेंबाने खरंच काही होतं का, याचं उत्तर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत आहे. ५१६ नवे रुग्ण घेतले. निम्म्यांना लॅटानोप्रॉस्ट, निम्म्यांना औषध नसलेला तसाच दिसणारा थेंब. कुणाला काय मिळतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत औषध नसलेल्यांपैकी सुमारे २६ टक्के लोकांची नजर आणखी खालावली, औषध असलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के लोकांची. फरक मोठा आहे, आणि ज्या माणसांची नजर टिकली त्यांना स्वतःला तो जाणवला नसणार.

ज्यांना थेंब जमतच नाहीत त्यांच्यासाठी लेसर आहे. ब्रिटनमध्येच केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सुरुवातीलाच लेसर केलेल्या दर चार रुग्णांपैकी जवळजवळ तिघांना तीन वर्षं थेंबांशिवाय दाब आटोक्यात ठेवता आला. हा लेसर सगळ्या प्रकारच्या काचबिंदूला चालत नाही. ज्याचा कोन, म्हणजे बुबुळाच्या कडेच्या जाळीकडे जाणारी द्रवाची वाट, अरुंद आहे त्याला वेगळा लेसर लागतो. आणि अशा डोळ्यात एकाएकी भयंकर दुखू लागलं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर ते पित्त समजून रात्र काढू नये. तो दाब काही तासांत नस मारू शकतो. मिळेल त्या गाडीने आदिलाबादच्या रिम्सला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावं, आणि चालू असलेल्या सगळ्या बाटल्या सोबत न्याव्यात.

एक काम रुग्णाने नव्हे, त्याच्या घरच्यांनी करायचं आहे. काचबिंदू रक्तात उतरतो; ज्याला तो आहे त्याच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. वडिलांना बाटली घेऊन तपासणीला नेणाऱ्या चाळिशीच्या मुलाने त्याच फेरीत आपलीही बाहुली मोठी करून नस पाहून घ्यावी, आणि पैनगंगेपलीकडे दिलेल्या बहिणीला फोन करून तेच करायला सांगावं.